गोड भिंत

४ मार्च

विहीणबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नाही म्हणून फाडून टाकू नका. मी तुमच्या ठकीची सासू. तुम्ही लग्नाला आला नाहीत, त्यानंतरच्या दोन वर्षांत फोन केला नाहीत आणि मी केलेला उचलला नाहीत. म्हटलं, पत्राला तरी मध्येच खट्‌कन बंद करता येत नाही.

चांगली बातमी आधी. ठकीला सातवा महिना लागला आहे. तब्येत ठीक आहे. ठीक म्हणजे जरा फिकी दिसते, जिना चढली की धापा टाकते. पण या दिवसांत कोण टाकत नाही? माझा मुलगा ट्रक चालवतो, त्यामुळे तो घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. घरी आम्ही दोघीच. मी दवाखान्याच्या चादरी आणि उशांचे अभ्रे शिवते, ती टोकं दुमडून टिपा घालायच्या राहिल्या असतील तर घालते, इस्त्री करते, घड्या घालते. भांडण नाही, तंटा नाही. माझ्या तोंडाला जरा धार आहे हे खरं, पण तुमची लेकही काही मुकी नाही.

आता मुद्द्याचं. ठकीला लहानपणी माती खायची खोड होती का?

रागावू नका. पुष्कळ मुलांना असते. परवा मी शिवलेला माल पोचवून दुपारी घरी आले, तर ती मागच्या खोलीत माझ्या मशीनसमोर बसलेली, पाठ दाराकडे. कर्र कर्र असा आवाज येत होता, कोणी साखर चावावी तसा. मी म्हटलं, "काय खातेस गं?" ती दचकली. "काही नाही आई, बिस्कीट." बिस्किटं तर संपली होती, ती आणायचीच म्हणून मी येताना पुडा घेऊन आले होते. आणि ओठाच्या कडेला तपकिरी रेघ.

आमच्या पुढच्या दोन खोल्या विटांच्या आहेत, मागची जुनी, मातीच्या भिंतींची. मशीनसमोरच्या भिंतीत एक खळगा पडलाय. बसलेल्या माणसाचा हात सहज पोचेल अशा उंचीवर, वाटी मावेल एवढा. नखांनी ओरबाडलंय असं वाटत नाही. कडा अगदी गुळगुळीत, लहान मुलानं चाटून ठेवलेल्या आइस्क्रीमसारख्या. आतल्या खाचेत बोट घातलं तर बरोबर बसतं. म्हणजे, तिचं बसत असणार.

मी तो बुजवला आहे. तुम्ही फक्त एवढं कळवा की ही जुनी खोड आहे. म्हणजे डॉक्टरीणबाईंना तसं सांगता येईल.

तुमची,
ठकीची सासू


१९ मार्च

विहीणबाई,

चार ओळींचं का होईना, उत्तर आलं. "माझ्या घरात तिनं कधी माती तोंडात घातली नाही. अंगणात पडली तरी आधी हात धुवायची. ही सवय तिला कुठं लागली ते तुम्हीच शोधा." बरं. शोधते. सुनेचा दोष सासूच्या पदरात, ही रीत काही आजची नाही.

तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वयानं माझ्या मुलाएवढी असेल, पण बोलली की दरारा वाटतो. तिनं ठकीच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं पाहिली, रक्त काढलं. रक्तात लोह फार कमी आहे. मी म्हटलं, "तिला माती खावीशी वाटते हो."

"किती खाते?"

ठकी गप्प. माझ्याकडे बघत राहिली. मीच म्हटलं, "चिमूटभर."

डॉक्टरीणबाई म्हणाली, "अंगात लोह कमी पडलं की असली ओढ लागू शकते. आणि मातीनं पोटातलं लोह अंगी लागत नाही. म्हणजे खाल्लं की कमी होतं, आणि कमी झालं की आणखी खावंसं वाटतं. शिवाय जंत, आतड्यात गोळा बसणं. आणि मातीत आणखी काय मिसळलेलं आहे, ते खाणाऱ्याला कळतही नाही. तुम्ही दोघींनी मिळून हे बंद करायचं."

"दोघींनी" का म्हणाली ते कळलं नाही. बोलण्याची पद्धत असेल.

लोहाच्या गोळ्या चालू आहेत. खळग्यात मी सिमेंट भरलं, स्वतः थापी घेऊन. दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या शेजारी नवीन खळगा. मी तिला दंडाला धरून विचारलं, "अगं, पोटात पोर आहे, कशाला हे?"

तर काय म्हणावं तिनं? म्हणाली, "गोड लागते ना, आई." आणि हसली. जशी काही माझी आणि तिची जुनी थट्टा असावी तशी.

खोलीला कुलूप लावलं असतं, पण मशीन तिथे आहे. काम तर करायला हवं. चादरींचा गठ्ठा छताला लागलाय, आणि हल्ली माझी शिलाईही तिरकी जाते. बोटं बधिर होतात. वय झालं, दुसरं काय.

येऊन जा एकदा. तुमचा रुसवा माझ्यावर आणि माझ्या मुलावर असेल तर आम्ही पुढच्या खोलीत बसू. तिच्याशी मात्र बोला.

ठकीची सासू


६ एप्रिल

विहीणबाई,

घाबरू नका. बाळ ठीक आहे, ठकीही आता ठीक आहे. पण ती दवाखान्यात आहे.

मंगळवारी तिच्या पोटात इतकं दुखायला लागलं की आम्हाला वाटलं, अवेळी कळा सुरू झाल्या. मुलगा नेमका घरी होता. त्यानं तिला उचलूनच नेलं. कळा नव्हत्या. आतड्यात मातीचा खडा बसला होता. दोन दिवस सलाईन लावलं. ऑपरेशन करावं लागेल असं म्हणत होते, पण टळलं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. डॉक्टरीणबाईंना पोटदुखीवरून संशय आला म्हणून त्यांनी वेगळी तपासणी करायला लावली. रक्तात शिसं निघालं. शिसं म्हणजे तेच, बॅटरीत असतं ते. ते बाळापर्यंतही पोचतं. मुलगा तडक घरमालकाकडे गेला. मालक आधी उडवाउडवी करत होता, मग म्हणाला, मागच्या मोकळ्या जागेत पूर्वी कोणी तरी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं. भिंत लिंपायला माती तिथूनच घेत. "पण भिंत काय खायची वस्तू आहे का हो?" असं तोंड वर करून विचारलं म्हणे.

आणि गोडीचं कारणही कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिशाच्या काही क्षारांना गोडसर चव असते. लहान मुलं जुना रंग चाटतात ती म्हणूनच. मला वाटत होतं ठकीच्या मनाचे खेळ. तर भिंत खरोखरच गोड आहे.

विहीणबाई, आता जे लिहिते ते मुलाला सांगितलेलं नाही. ठकी मंगळवारपासून दवाखान्यात आहे. मुलगा तिच्या उशाशी बसून आहे, घरी येतो तो अंघोळीपुरता. घरात मी एकटी. आणि खळगा वाढलाय.

काल दुपारी मशीनवर बसले तेव्हा तो मुठीएवढा होता. चादरींची चळत संपवली, मान वर केली, तर आत कोपरापर्यंत हात जाईल असा. खाली जमिनीवर भुगासुद्धा नाही. घरात दुसरं माणूस नाही, दार आतून लावलेलं. उंदीर असणार. उंदरांना काय, काहीही चालतं.

डॉक्टरीणबाईंनी आज मला बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "जरा ओठ वर करा बघू." मी केला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ आहे म्हणे. "तुमचंही रक्त घेऊ या," म्हणाल्या. मी म्हटलं, मला काय धाड भरली आहे? चादरी द्यायच्या आहेत, असं सांगून निघून आले.

तुम्ही या. आता खरंच या.


१२ एप्रिल

विहीणबाई,

उंदीर नव्हते.

मी खोटं लिहिलं. सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगते, कारण तुमच्या लेकीवर मी ते ढकललं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तशातली गत.

या घरात राहायला आलो तेव्हा मागच्या खोलीत नळाचं पाणी झिरपायचं. भिंत ओली झाली की असा वास सुटायचा की हातातलं काम तसंच ठेवून मी नुसती बसून राही. सुईत दोरा ओवताना दोरा ओठांनी ओला करतो ना आपण? एकदा तो दोरा भिंतीला घासला गेला होता. जिभेवर कण आला. गोड. एवढंच. मग दुसरा कण. कोणाला कळणार, आणि एका कणानं काय होणार? नंतर नंतर एक हात शिवणावर असायचा आणि दुसरा भिंतीत. कधी गेला ते मला कळायचंही नाही. परवाचा तो कोपराएवढा खळगा मीच केला, विहीणबाई. पण केलेला मला आठवत नाही. खोटं नाही सांगत. मान वर केली तेव्हा तोंडात कर्र वाजत होतं, आणि मला वाटलं आवाज भिंतीतून येतोय.

आता खरी गोष्ट. ठकीला सुरुवातीला काही पचत नव्हतं. पाणी प्यायली तरी उलटी. ती रडायची, आणि रडता रडता तुम्हाला हाका मारायची, "माई, माई" म्हणून. मला सहन होईना. आणि रागही आला असेल थोडा. मी समोर असताना हाका तुम्हाला. मी भिंतीतला एक चपटा खडा काढला, तव्यावर गरम केला आणि तिला म्हटलं, "हे जिभेवर धर. बरं वाटेल." तिला बरं वाटलं. मळमळ थांबली. माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पाघळले.

मग रोज दुपारी आम्ही दोघी तिथे बसू लागलो. माझं मशीन, तिची इस्त्री, मध्ये ताटलीत खडे. आयुष्यात कोणाशी बोलले नसेन एवढं मी तिच्याशी बोलले. तिनं मला तुमच्याबद्दल सांगितलं, तुम्ही रागावलात की भांडी पुन्हा पुन्हा घासता ते. मी तिला माझ्या नवऱ्याबद्दल सांगितलं. हसून हसून पोट दुखायचं. त्या वेळी ते हसण्यानंच दुखतंय असं वाटायचं.

मी तिला थांबवायला लागले ते तिचा चेहरा पांढराफटक दिसू लागला तेव्हा. पण स्वतः थांबले नाही. तिच्यासमोर खळगा बुजवायचा आणि ती पुढच्या खोलीत आडवी झाली की उकरायचा. तिला ते माहीत होतं. तिनं कोणालाही सांगितलं नाही, अजूनही नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा माझ्याकडे बघून गप्प राहिली ती एवढ्याचसाठी.

काल मी रक्त दिलं. माझ्यात तिच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही चालता-बोलताय हेच पुष्कळ." मुलाला मी स्वतः सांगितलं. तो ओरडला नाही. उठला, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.

तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. मी ऐकेन.


९ मे

विहीणबाई,

तुम्ही ठकीला आणि बाळाला घेऊन गेलात, ते बरं केलंत. त्या दिवशी मी दारापर्यंत आले नाही; तुमच्या गाडीत जागा आहे का असं माझ्या तोंडून निघालं असतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यातलं आपलं बोलणं डोक्यातून जात नाही. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "तुम्हीच का त्या?"

"हो, मीच."

"ठकी तुम्हाला आई म्हणते असं कानावर आलं होतं. मला फार झोंबलं होतं ते. मग म्हटलं, जाऊ दे, माझ्यामागे तिला कोणी तरी आई मिळाली."

मी म्हटलं, "माती खाल्ली मी, विहीणबाई." बोलून गेल्यावर लक्षात आलं, आपण काय बोललो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि तुम्हाला हसू फुटलं. मलाही. अवेळी जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत, लेकीच्या हाताला सलाईन, आणि आपण दोघी भिंतीला टेकून वेड्यासारख्या हसतोय. नर्स धावत आली. तोवर तुम्ही रडत होतात.

भिंत पाडली, ते कळवायला हे पत्र. डॉक्टरीणबाईंनी आरोग्य खात्याला लिहिलं, पण त्यांची माणसं यायच्या आधीच मालकानं घाबरून गवंडी पाठवला. मी समोर खुर्ची टाकून बसले. मुलगा नको म्हणत होता, पण मला बघायचं होतं.

वरचं लिंपण निघालं तशी खाली खळगे दिसू लागले. माझे नव्हेत. जुने. कोणी तरी बुजवलेले, प्रत्येकाची माती वेगळ्या रंगाची. एक पिवळट, एक राखेसारखी, एक लालभडक. एक अगदी खाली, जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या हाताशी. दोन खिडकीलगत, शेजारी शेजारी. दाराच्या चौकटीपाशी एक उंचावर, उभ्यानं येता-जाता हात घालावा असा. गवंडी हातोडी थांबवून मोजायला लागला, आणि मग त्यानं मोजणं सोडून दिलं. एका खळग्यात चमचा निघाला. टोक झिजून झिजून अर्ध्यावर आलेला.

म्हणजे आमच्या आधीही. प्रत्येकीनं खाल्लं, जाताना बुजवलं, वरून पांढरा हात मारला आणि खोली पुढचीच्या स्वाधीन केली. मालकाला विचारलं, त्या सगळ्या कुठं गेल्या? तो म्हणाला, "भाडेकरू हो. येतात, जातात." मी विचारलं, "कुणाला मुलं होती?" त्यावर तो खिशातून किल्ल्या काढून बघत बसला.

मी इतके दिवस त्या भिंतीसमोर एकटी आहे असं समजत होते.

संध्याकाळी गवंड्यानं हात झटकले, बोटं नाकाशी नेली आणि म्हणाला, "वास मात्र झकास आहे हो, मावशी." मी किंचाळलेच त्याच्यावर. साबण घेऊन उभी राहिले, त्यानं कोपरापर्यंत हात धुतले तेव्हाच बाजूला झाले. माती कुठं टाकणार असं मुलानं विचारलं, तर तोवर दोन ट्रॉल्या निघून गेल्या होत्या. कुठं तरी नवीन घरं बांधतायत, तिथं भराव घालायला. उरलेली खात्याच्या माणसांनी पोत्यांत भरून नेली. पण त्या दोन ट्रॉल्यांचा पत्ता अजून लागलेला नाही. मुलगा शोधतो आहे.

बाळ किती वाढलं? दूध ओढतो का? ठकीला सांगा... नाही, काही सांगू नका. गोळ्या वेळेवर घे म्हणावं.


११ जानेवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र मिळालं. "आता येऊन नातवाला बघून जा, रुसवा पुरे" असं तुम्ही लिहावं, म्हणजे सूर्य पश्चिमेलाच उगवला म्हणायचा. मी ते मुलाला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना तो मध्येच उगाच खोकला.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आता. सिमेंटच्या भिंती, खाली फरशी, खिडकीत कुंडीसुद्धा ठेवलेली नाही. माझी औषधं चालू आहेत. रक्तातलं शिसं उतरतंय, पण हाडात मुरलेलं हळूहळूच निघतं म्हणे. बोटांना जाण थोडी आली आहे. मशीन विकलं. शेजारच्या बाईची मुलं शाळेतून येईपर्यंत तिच्या आजारी सासूजवळ बसते, तेवढंच काम.

ओढ गेली का असं तुम्ही विचारलंत. नाही गेली. रस्त्यावर कुठं खणत असले की मी पलीकडच्या बाजूनं जाते, नाक पदरानं झाकून. परवा एका नव्या इमारतीपाशी वास आला. तोच. मी ओळखला. तिथं बायका घर बघायला आल्या होत्या, एकीला दिवस गेलेले होते. मी मुलाला फोन केला. त्या दोन ट्रॉल्यांचा पत्ता लागला, विहीणबाई. खात्याची माणसं येऊन बघून गेली, नमुने घेऊन गेली. त्यांचं उत्तर येईपर्यंत मी रोज सकाळी त्या फाटकाशी जाऊन उभी राहते आणि आत जाणाऱ्या बायकांना सांगते. काही ऐकतात, काही मला वेडी समजतात. एक म्हणाली, "आजी, माती कोण खातं हो?"

ठकीनं फोनवर सांगितलं की पोरगा वजनाला अजून कमी आहे, पण रांगायला लागला. पुढे शाळेत कसा निघेल ते आत्ताच सांगता येत नाही, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. मी ऐकत होते. ती मला अजून आई म्हणते.

येईन. नक्की येईन. पण आत्ता नाही. माझ्या हातांवर माझा भरवसा बसू दे. तो माझ्या मांडीवर असेल तेव्हा माझा हात कुठं आहे ते मला ठाऊक असलं पाहिजे.

तुम्ही लिहिलंत, तो दिसेल ते तोंडात घालतो, परवा अंगणातली माती घातली, तुम्ही लगेच बोट घालून काढली, आणि डॉक्टर म्हणाले या वयात सगळीच मुलं करतात. करतात. मलाही माहीत आहे. तुमच्या अंगणातली माती चांगली आहे, तपासून घेतलीत तेही माहीत आहे.

फक्त एक सांगा. ठकीला विचारू नका, तुम्ही स्वतः पाहिलंत तेच लिहा. माती तोंडात गेली तेव्हा त्यानं तोंड वाकडं केलं, की तो हसला?